मंत्रीसाहेब, गाणं बघायचं असतं का?

मा. सांस्कृतिक मंत्री महोदय, मध्य प्रदेश,
स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे कारण मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मले, वाढले आणि मला राग आला की मराठीतच येतो. तुमच्या ऑफिसात कोणीतरी मराठी निघेलच, त्यांच्याकडून वाचून घ्या.

गेल्या आठवड्यात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका महोत्सवातून माझं नाव काढलं. आधी दिलं होतं, तेही लेखी. संध्याकाळची वेळ, साथीला कोण, मानधन किती, सगळं ठरलेलं. मग इव्हेंटवाल्या पोराचा फोन, "दीदी, एक नया फोटो भेज दीजिए, मेकअप वाला, चश्मा हटाके." मी होता तो पाठवला, चष्म्यासकट. त्यावर समितीतल्या एका जुन्या गृहस्थांचा फोन आला, वडिलांच्या ओळखीतले, म्हणाले ताई राग मानू नका, यंदा पोस्टर, रील, एलईडी सगळं आहे, पब्लिकला समोर बघायलाही काहीतरी लागतं, तुम्ही सकाळी अकराला गाता का? मी म्हटलं माझी बिहागची तयारी चाललीय, रात्रीचा राग तो, सकाळी अकराला गाऊ? तर म्हणाले बरं मग राहू द्या यंदा.

बिहाग राहिला साहेब, त्याचं मी सोसेन. पण "बघायलाही काहीतरी" हे काही केल्या मनातून जात नाहीये.

मी दिसते कशी ते सांगूनच टाकते म्हणजे फाइल मागवायला नको. सावळी, अंगानं जाड, भिंग जाड, दात जरासे पुढे. आकार, म्हणजे 'आ'चा सूर, लावला की तोंड उघडतं, उघडावंच लागतं, आमच्या ग्वाल्हेर घराण्याचं गाणं खुल्या आवाजाचं आहे, ओठ मिटून छान दिसत दिसत टप्पा, म्हणजे भरभर तानांचं गाणं, म्हणता येत नाही, म्हणून बघा एकदा. गुरुजींनी मला आरशासमोर बसवून रियाज करायला लावलाय, वेडंवाकडं तोंड होऊ नये म्हणून, ते मला मान्य आहे. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर या जुन्या ग्रंथात गायकाचे 25 दोष सांगितलेत, त्यात जबडा भयंकर फाडणं आहे, डोळे मिटून गाणंही आहे. पण हे दोष फक्त बाई दिसली की लावायचे असं शार्ङ्गदेवानं कुठे लिहिलेलं नाही! भीमसेनजी गायचे तेव्हा चेहरा, हात, खांदे सगळं पिळवटून निघायचं, आपण त्याला तल्लीन होणं म्हणतो आणि ते होतेच तल्लीन. मी जरा मान वाकडी केली की पहिल्या रांगेतून चिठ्ठी येते, ताई थोडं हसतमुख.

लग्नाच्या वेळी मला बघायला आले तेव्हाही हेच. पोहे झाले, मग मुलाच्या आईनं सांगितलं एखादं नाट्यगीत म्हण. मी म्हटलं, मन लावून म्हटलं, आणि मधेच डोळे उघडले तर त्या बाई माझ्या पायांकडे बघत होत्या, टाचा बघत होत्या! निरोप आला, आवाज गोड आहे पण. त्या पणच्या पुढे काही नव्हतंच. तुमच्या महोत्सवांच्या निवड समित्या म्हणजे तेच कांदेपोहे आहेत, फक्त खर्च सरकारी.

आणि देखण्या मुलींचं बरं चाललंय असं समजू नका. माझी एक शिष्या आहे, खरोखर सुंदर आहे पोरगी. मागे एका कार्यक्रमात तिनं झुमरा तालात विलंबित ख्याल असा मांडला की तबलजी उठून माझ्या पाया पडला. निवेदकानं मात्र सुरुवातीलाच "सुरों के साथ रूप की भी मलिका" म्हणून तिचं काम करून टाकलं होतं. व्हिडिओखाली कमेंट काय, तर साडीचा रंग, गळ्यातला हार, गळा, डोळे. गळ्यातून जे निघालं त्यावर अवाक्षर नाही. मला विचारते, ताई, मी गायले कशी हे कोणी सांगेल का? काय सांगू तिला?

गंगूबाई हनगलांचा आवाज इतका भारदस्त की रेकॉर्ड ऐकून लोकांना पुरुष गातोय वाटायचं, त्यांना आज फोटो मागितला असता. आमच्याच गायकीच्या मालिनीताई राजूरकर, साधी साडी, कसला थाट नाही, आणि टप्पा सुरू झाला की माणूस जागचा हलायचा नाही. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तिकडे कोणी असलंच तर ते बाईंचा चेहरा न बघता ऐकणार. म्हणजे आधी परग्रहावर जाऊन तिथून अर्ज करायचा का आम्ही?

परदेशातही हेच आहे म्हणाल, तर हो, आहे. 2004 साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसनं डेबोरा व्हॉइट या मोठ्या गायिकेला काढलं, काळ्या तोकड्या ड्रेसमधे मावत नाही म्हणून. 2013 साली चिया-जुंग त्साय नावाच्या संशोधक बाईंनी लोकांना संगीत स्पर्धांचे व्हिडिओ आवाज बंद करून दाखवले, तर नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा या मुक्या व्हिडिओवाल्यांनी विजेता जास्त बरोबर ओळखला, आणि त्यात शिकलेसवरलेले संगीतकारही होते. घ्या, म्हणजे तुमचे परीक्षकही डोळ्यांनीच ऐकत असणार, सगळे, शंभरातले शंभर!

यंदाचं ते पोस्टर बघा. दहा बायकांत आठ तरी तिशीच्या आतल्या, आणि पुरुषांमधे साठीच्या खालचा शोधून दाखवा. नजरेनं सांगतेय, भिंग लावून मोजलेलं नाही. पुरुष पिकला की उस्ताद होतो, बाई पिकली की सकाळी अकरा.

1918 साली संगीतशास्त्रज्ञ पं. भातखंड्यांनी इथे माधव संगीत महाविद्यालय उभं केलं ते गाणं सगळ्यांना शिकता यावं म्हणून. शिकलो आम्ही. आता पुढे काय? टेंडर लाइटचं निघतं, एलईडीचं निघतं, हारतुऱ्यांचं निघतं, ज्याला बागेश्री आणि भीमपलासी हे दोन राग एकच वाटतात तो पोरगा कलाकार ठरवतो, आणि मानधनातून टीडीएस कापायला मात्र कोणी विसरत नाही. बायकांना दरमहा पैसे देणारी लाडली बहना योजना काढलीत, चांगलं केलंत, त्यात गोरेपणाची अट अजून नाही हेही नशीबच म्हणायचं.

मागणं एवढंच आहे की आकाशवाणीच्या ऑडिशनसारखं करा. तिथे परीक्षकांना चेहरा दिसत नाही, नाव कळत नाही, आवाज ऐकून ग्रेड ठरते, मी तशीच बी-हाय ग्रेडची झाले. सरकारी पैशाच्या प्रत्येक कार्यक्रमात निवड नुसत्या आवाजावर, फोटो मागायचा तो निवड झाल्यावर, आणि निवेदकाच्या कागदावर बाईच्या रूपाबद्दल एक शब्द नको. पैसा लागत नाही याला. म्हणूनच होणार नाही बहुतेक, ज्यात टेंडर नाही ते काम तुमच्याकडे पुढे सरकलेलं आम्ही बघितलंय कुठे.

आपली,
लष्करातली एक गाणारी बाई

ता.क. याच महोत्सवाच्या मागच्या वर्षीच्या तबलजीचं आणि पेटीवाल्याचं मानधन अजून मिळालेलं नाही. दोघेही पुरुष आहेत, दिसायलाही बरे आहेत, त्यांचं तरी बघा.