क्रूगरमधील कबूल केलेल्या सफारी न घडवल्याबद्दल तक्रार

डोंबिवली,
दि. ९ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मे महिन्यातील दक्षिण आफ्रिका सहलीच्या रकमेपैकी काही रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी आणि माझे यजमान २१ ते ३० मे या काळात आपल्या दक्षिण आफ्रिका सहलीला जाऊन आलो. आल्यावर मी फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातून उत्तर मिळालं, "मॅडम, प्राणी दिसणं शेवटी नशिबावर असतं." हेच उत्तर पुन्हा लेखी येऊ नये म्हणून आधीच सांगते, सिंह दिसला नाही ही माझी तक्रारच नाही. ताडोबाला आम्ही सहा वेळा गेलो, त्यातल्या चार खेपांना वाघाने शेपटीसुद्धा दाखवली नाही. तरी कुणाकडे दाद मागायला गेलो नाही. दर्शन देणं न देणं ही त्या जनावराची मर्जी. पण त्याच्या वेळेला आम्हाला जंगलात पोचवणं हे आपलं काम होतं, आणि पैसे आपण त्याचेच घेतले होते.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या दिवसासमोर छापलंय: "क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मुक्काम. पहाटे व दुपारी उघड्या जीपमधून सफारी." प्रत्यक्षात मुक्काम हेझीव्यू गावातल्या हॉटेलात झाला, म्हणजे उद्यानाच्या बाहेर. मे ते जुलै या महिन्यांत क्रूगरचे दरवाजे सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. आपला गट पॉल क्रूगर गेटमधून आत शिरला तेव्हा माझ्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते. कारण काय, तर सगळ्यांना गरम नाश्ता मिळावा. नाश्ता चांगला होता, नाही म्हणत नाही, थालीपीठ आणि लोणी होतं. पण जंगलात जायच्या दिवशी मी पार्ले-जीवरही भागवलं असतं. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे पाचला जिप्सीत कुडकुडत बसणारी माणसं आम्ही!

आणि उघडी जीप? पस्तीस आसनांची एसी बस होती, काचा न उघडणाऱ्या, वर हिरवट रंगाच्या. यजमानांनी मुद्दाम नवी दुर्बीण घेतली होती. त्या काचेतून तिचा उपयोग शून्य, ती गळ्यात नुसती लटकत राहिली. मोठ्या बसला कच्च्या फाट्यांवर जाऊ देत नाहीत असं चालकानेच सांगितलं, त्यामुळे पूर्ण वेळ डांबरी रस्ता एके डांबरी रस्ता.

साधारण सव्वादहाला समोरून एक उघडी सफारी गाडी परत येताना दिसली. माणसं मांडीवर घोंगड्या घेऊन बसलेली, केस वाऱ्याने विस्कटलेले. दोन्ही गाड्या क्षणभर थांबल्या. तिथे मे म्हणजे थंडीची सुरुवात. अशा दिवसांत रात्री डांबराला ऊब राहते म्हणून सिंह रस्त्यावर येऊन पसरतात, तसे त्यांना साडेसहाला सिंहाचे दोन नर दिसले होते. त्या गाडीतल्या एका आजीबाईंनी मला खुणेने विचारलं, तुम्हाला दिसले का? मी मान हलवली. तेव्हा त्यांनी उभं राहून आपला कॅमेरा वर धरला आणि त्याचा पडदा आमच्या काचेला टेकवला. क्रूगरमधला आमचा सिंह तो, तीन इंची.

हंगाम मात्र आपण अचूक निवडला होता. मे संपताना तिथला पाऊस संपलेला असतो, गवत वाळून विरळ होतं आणि जनावरं पाणवठ्यांवर येऊ लागतात. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. एका पाणवठ्यावर जिराफ पुढचे पाय फाकवून, मान खाली घालून पाणी पीत होता. दर दोन घोटांनी दचकून वर बघायचा, आणि त्याच्या मानेवरचे लाल चोचीचे पक्षी चिकटून जागच्या जागी सरकायचे. दोन मिनिटं झाली नाहीत तोच आपल्या टूर मॅनेजरनी माइकवर सांगितलं, "चला, जिराफ झाला. पुढे जेवण आहे." इंपाला हरणांसाठी तर बस थांबलीच नाही.

स्कुकुझा कॅम्पवर जेवणाला एक तास वीस मिनिटं गेली. सव्वादोनला आम्ही उद्यानाबाहेर, आणि तिथून थेट हस्तकलेच्या दुकानात. दुकानात पावणेदोन तास! साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या जंगलाच्या वाट्याला जेवण वजा जाता तीन तास. दुपारच्या सफारीचं विचारल्यावर "तीच ही" असं उत्तर मिळालं.

शेजारच्या साबी सँडसारख्या खासगी जंगलांत गाडी रस्ता सोडून झाडीत शिरते, पुढच्या सीटवर माग काढणारा माणूस असतो. तसलं काही आम्ही मागितलं नव्हतं आणि आपणही कबूल केलं नव्हतं. जे छापलं होतं, तेवढंच मागते आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही जास्त गंभीर आहे. क्रूगर हा मलेरियाचा प्रदेश आहे. आपल्या सहलपूर्व बैठकीत "कसलीही औषधं लागत नाहीत" असं सांगितलं गेलं. आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून गोळ्या दिल्या म्हणून आम्ही घेतल्या. गटातल्या बाकीच्यांना मी सांगेपर्यंत पत्ताही नव्हता.

चालकाबद्दल मात्र चांगलंच लिहायचं आहे. स्थानिक गृहस्थ होते. कुडू हरीण कुठे उभं आहे ते त्यांना आमच्या आधी दिसायचं, आणि बस हळू करायला ते नेहमी तयार असायचे. त्यांना कुणी ठपका देऊ नये.

दोन सफारी आणि उद्यानातला मुक्काम न दिल्याबद्दल माणशी चाळीस हजार, म्हणजे दोघांचे ऐंशी हजार रुपये परत करावेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. या कायद्याने मी राहते तिथल्याच आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे ठाण्यापर्यंत यायची तयारी आपण ठेवावी.

पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन पाठवू नये, ते मी स्वीकारणार नाही. रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी.

आपली,
(सही)

सोबत: कार्यक्रमपत्रिकेची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, बसच्या काचेतून काढलेले तीन फोटो (हिरवे आलेत, तसेच पाठवते आहे).