एका कोंबडीसाठी वेळ काढणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमची तांबडी गिरिराजा कोंबडी पुन्हा इतरांबरोबर परसात उकरू लागली आहे, हे आपल्याला कळवावे आणि आपले जाहीर आभार मानावेत, यासाठी हे पत्र. गाई-म्हशींसाठी डॉक्टरांना बोलावणे आमच्या खानापूर भागात नवे नाही. एक कोंबडी घेऊन गुरांच्या दवाखान्यात जाणाऱ्याला मात्र लोक हसतात. आपण हसला नाहीत.

कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागली, तेव्हा घरात ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, असे ठरले होते, तर शेजाऱ्यांनी मानमोडी आल्याचे सांगून सगळ्याच कोंबड्या विकून मोकळे होण्याचा सल्ला दिला होता. आपण दोन्ही तर्क ऐकून घेतलेत. खुडूक कोंबडी हात लावताच अंग फुगवून कुरकुरते, टोचायला येते. ही उचलली तरी निमूट होती. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, धाप लागते, हिरवट पातळ शीट पडते, पाय-पंख लुळे पडतात, मान मुरडते आणि आजार बघता बघता खुराडेभर पसरतो. आमच्या बाकीच्या कोंबड्या तर दाण्यावर तुटून पडत होत्या. तरीही खात्री होईपर्यंत हिला वेगळ्या डालग्याखाली ठेवायला आपण सांगितलेत.

रात्री दाणा न देता फक्त पाणी ठेवावे आणि सकाळी काही खाण्याआधी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहावी, ही आपली सूचना आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. निरोगी कोंबडीची ही पिशवी रात्रीतून रिकामी होते. आमच्या कोंबडीची मात्र सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागत होती. ती पाण्याने भरल्यासारखी लिबलिबीत असती आणि चोचीला आंबूस वास येत असता, तर बुरशीची शंका घ्यावी लागली असती, हेही आपण समजावलेत. आपली भाषा कन्नड असूनही माझ्या आईला उमजेल अशा मराठीत आपण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितलीत, याचे तिला फार अप्रूप आहे.

थेंबथेंब तेल पाजून आणि हलक्या हाताने चोळूनही गाठ सुटेना, तेव्हा कोंबडी उलटी धरून ती पिळून काढण्याचा गावठी उपाय आपण ठामपणे थांबवलात, कारण तोंडात आलेले पाणी श्वासनलिकेत गेले तर कोंबडी जागीच दगावते. मग जागा बधिर करून लहानसा छेद घेऊन आपण आतून जो बोळा काढलात, तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे: भाताच्या पेंढ्याच्या काड्या आणि त्यांना पीळ घालून बसलेला, खताच्या पोत्याच्या शिलाईचा नायलॉनचा दोरा. पिशवीला वेगळे आणि कातडीला वेगळे टाके घालून आपण आधी नुसते पाणी आणि नंतर थोडा थोडा दहीभात द्यायला सांगितलात. आता पोत्यांचे दोरे आम्ही परसात पडू देत नाही आणि कोंबड्यांना बारीक खडे सहज मिळतील असे पाहतो.

पहिल्याच दिवशी एखादी प्रतिजैविकाची पूड द्या, असा हट्ट आम्ही धरला होता. निदान झाल्याशिवाय ती देण्यास आपण नकार दिलात. माझ्या मते आपले खरे उपकार याच नकारात आहेत, कारण इकडे कोंबडीच्या प्रत्येक दुखण्यावर तीच पूड पाण्यात कालवली जाते आणि अडकलेला दोरा काही पुडीने विरघळत नाही.

आता एक विनंती. राणीखेतच्या लशीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि एकदा कालवली की ती काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे दहा-बारा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही, असे आपण बोलता बोलता म्हणाला होता. आमच्या गल्लीतील घरांनी एकाच दिवशी लसीकरण करून घेण्याचे ठरवले आहे. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना लासोटा आणि आठ आठवड्यांवरच्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, आर-टू-बी, अशी राणीखेतच्या या दोन लशींची वेगळी यादी तयार आहे. बर्फाची आणि थर्मासची सोय आम्ही करू. आपल्या सोयीचा दिवस तेवढा कळवावा.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक कोंबडीपालक