कुंपणाची गोष्ट

बेळगाव, टिळकवाडी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुमचा बंगला पाडून जागा बिल्डरला द्यायचा विचार आहे असा तुझा फोन आल्यापासून त्या बंगल्याचाच विचार डोक्यात आहे. बिल्डरशी शब्द पक्का करण्याआधी लंडनच्या उत्तरेकडच्या एका वसाहतीची हकिगत ऐक. हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब तिचं नाव.

हेन्रिएटा बार्नेट या बाईंनी नवऱ्याबरोबर व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत अनेक वर्षं काम केलं होतं. गोल्डर्स ग्रीनपर्यंत भुयारी रेल्वे येणार असं कळलं, तेव्हा हॅम्पस्टेडच्या माळालगतची शेतं चाळींसारख्या घरांच्या रांगांखाली जाणार हे त्यांनी ओळखलं. त्यांनी लोकांकडून पैसे जमवून ८० एकर मोकळं रान राखलं आणि शेजारच्या २४३ एकरांवर वसाहत काढली. १९०७ साली तिथं पहिली कुदळ पडली. आखणी रेमंड अन्विनची. मधल्या चौकातली चर्चेस लटियन्सची, ज्यानं पुढं नवी दिल्लीतलं राष्ट्रपती भवन बांधलं तोच.

मला भावलं ते त्यांचं नियमांचं धोरण. एकरी सरासरी आठच घरं. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या घरांमध्ये किमान ५० फूट अंतर. दोन घरांच्या हद्दीवर भिंत घालायची नाही, झुडपांचं कुंपण लावायचं. गल्लीतले रस्ते अरुंद ठेवता यावेत म्हणून १९०६ साली पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घेतला. रस्त्यावरची वाचलेली जागा बागांना मिळाली. घरं कुणी कशीही बांधली असती, तरी या अटींमुळंच ती वसाहत एकजीव दिसली असती, असं मला वाटतं.

बाईंची खरी इच्छा मात्र पुरी झाली नाही. मजूर आणि सावकार एकाच वसाहतीत राहावेत म्हणून त्यांनी लहान घरंही बांधवली. पण जागेचे भाव चढत गेले आणि आज तिथं श्रीमंतांखेरीज कुणाला घर परवडत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. झाडं कायद्यानं वाचली, भाव कुणाला आवरले नाहीत.

काल दुसऱ्या रेल्वे गेटकडून येताना तुमच्या फाटकाशी थांबलो. मेंदीचं कुंपण विरळ झालंय, पण फणस बुंध्यापासून लगडलाय. शेजारच्या नव्या अपार्टमेंटनं हद्दीपर्यंत फरशी घातलीय, त्यामुळं वळवाचं सगळं पाणी रस्त्यावर येतं. तुमच्या आवारातली तांबडी माती तेवढंच पाणी तासाभरात पिऊन टाकते, हे मी उभं राहून पाहिलंय.

घर पाडू नकोस असं मी म्हणणार नाही. काकूंना जिने चढवत नाहीत, तुझी अडचण मला ठाऊक आहे. पण करारात लिहून घे: समोरची जागा मोकळी, फणस जागेवर, हद्दीला मेंदी. तोंडी कबूल केलेलं पाया खणताना कुणाच्या लक्षात राहत नाही. येताना नकाशाची प्रत आण. आपण दोघं टेप घेऊन फणसापासूनचं अंतर मोजू आणि मगच सही कर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक