महायुद्ध आणि शीतयुद्ध एकाच वहीत हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुसरे महायुद्ध आणि त्यानंतरची दोन महासत्तांची चुरस हे विषय बहुतेक ठिकाणी दोन स्वतंत्र धडे म्हणून अभ्यासले जातात. पहिला धडा २ सप्टेंबर १९४५ ला मिझुरी जहाजावरच्या जपानी शरणागतीच्या सह्यांनी संपतो. दुसरा ५ मार्च १९४६ च्या चर्चिल यांच्या फुल्टन येथील भाषणाने नाहीतर १२ मार्च १९४७ च्या ट्रूमन सिद्धान्ताने, म्हणजे साम्यवादाचा प्रसार रोखण्याच्या अमेरिकी धोरणाने सुरू होतो. दोन्ही धडे तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याला विचारावे, ‘बर्लिन शहर सोव्हिएत विभागाच्या पोटात होते, मग तिथे अमेरिकी सैन्य आले कुठून?’ आणि गाडी अडते. उत्तर दोन धड्यांच्या मधल्या फटीत पडलेले असते. ही फट बुजवायची एक साधी पद्धत इथे मांडत आहोत. मे आणि ऑगस्टमध्ये वर्धापनदिनाचे मजकूर छापणाऱ्या वृत्तपत्रांबद्दलही थोडी तक्रार आहे, ती ओघात येईलच.

वही आडवी धरून चार रकाने आखावेत. पहिल्यात युरोपातले रणांगण, दुसऱ्यात पूर्व आशिया, तिसऱ्यात करार आणि परिषदा. चौथ्या रकान्याबद्दल पुढे. सुरुवात १ सप्टेंबर १९३९ पासून करू नये. ७ जुलै १९३७ पासून करावी, कारण त्या दिवशी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चीन-जपान युद्धाची ठिणगी पडली. दुसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला १९३९ चा सप्टेंबर कधीच नीट समजत नाही. उदाहरण पाहा. मंगोलिया आणि जपानच्या ताब्यातल्या मांचुरियाच्या सीमेवर खाल्खिन गोल नदीकाठी मे १९३९ पासून सोव्हिएत आणि जपानी फौजा लढत होत्या. सोव्हिएत सेनापती झुकोव्ह यांचा निर्णायक हल्ला २० ऑगस्टला सुरू झाला. तो चालू असतानाच २३ ऑगस्टला मॉस्कोत जर्मनीशी अनाक्रमण करार झाला. जपानशी शस्त्रसंधी १५ सप्टेंबरला ठरली आणि १७ सप्टेंबरला लाल सेना, म्हणजे सोव्हिएत फौज, पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरली. जर्मनीने हल्ला केल्यावर स्टालिन सोळा दिवस का थांबले, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग शेजारच्या रकान्यात दोन दिवस आधीच्या ओळीवर लिहिलेला सापडतो.

तारीख लिहिताना ठिकाणही लिहावे. ही बारीक गोष्ट वाटते, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जर्मनीच्या शरणागतीवर पहिली सही फ्रान्समधल्या रँस शहरात ७ मे १९४५ ला पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी झाली, ती अमलात आली ८ मेच्या रात्री ११ वाजून १ मिनिटाने, आणि सोव्हिएत आग्रहामुळे दुसरा समारंभ बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट भागात ८ मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास झाला. तेव्हा मॉस्कोच्या घड्याळात ९ मे उजाडला होता. म्हणून ७, ८, ९ या तिन्ही तारखा छापून येतात आणि वाचक गोंधळतो. तसेच पर्ल हार्बरचे. तिथे ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ होती. मलायाच्या कोटा भारूत जपानी सैनिक उतरले तेव्हा स्थानिक तारीख ८ होती. नुसत्या तारखा पाहिल्या तर मलाया एक दिवस नंतरचा वाटतो. प्रत्यक्षात मलायातला हल्ला पर्ल हार्बरच्या तासाभराहून अधिक आधी सुरू झाला होता. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे.

आता नकाशा. युरोपच्या एका नकाशावर ट्रेसिंग पेपरचे तीन तुकडे लागतात. पहिल्यावर जर्मनीच्या व्याप्त विभागांच्या सीमा काढाव्यात. या सीमा लंडनमधल्या दोस्त राष्ट्रांच्या युरोपीय सल्लागार आयोगाने १२ सप्टेंबर १९४४ च्या मसुद्यात ठरवल्या. तेव्हा अमेरिकी तुकड्या जर्मनीच्या पश्चिम सीमेला नुकत्या टेकत होत्या आणि लाल सेना व्हिस्टुला नदीवर होती. म्हणजे घर ताब्यात यायच्या आधीच खोल्यांची वाटणी झाली होती. (फ्रान्सची खोली नंतर याल्टाच्या परिषदेत ठरली, तीही पश्चिमेच्या हिश्शातून.) दुसऱ्या तुकड्यावर ८ मे १९४५ ला कोणाचे सैन्य कुठे उभे होते ती रेषा काढावी. तिसऱ्यावर १९४९ मधली दोन जर्मन राज्यांची सीमा. मग तिन्ही एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावेत.

पहिली आणि तिसरी रेषा जवळजवळ जुळतात. दुसरी मात्र खूप पूर्वेला सरकलेली दिसते. लाइपझिग, एरफुर्ट, श्वेरिन ही शहरे पश्चिमेच्या सैन्यांनी जिंकलेली होती. जुलै १९४५ च्या पहिल्या दिवसांत ती सोडून सैन्ये ठरलेल्या रेषेमागे आली आणि त्याच दिवसांत बर्लिनमधल्या आपापल्या वाट्यात दाखल झाली. वरच्या प्रश्नाचे उत्तर हे. याल्टात रुझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन या तिघांनी बसून युरोप वाटून घेतला, हे लाडके वाक्यही या कागदांपुढे टिकत नाही: जर्मनीची वाटणी याल्टाच्या पाच महिने आधी कागदावर आली होती. याल्टा परिषद ४ ते ११ फेब्रुवारी १९४५ ची.

‘ज्याचे सैन्य जिथवर, त्याची व्यवस्था तिथवर’ हे स्टालिन यांचे म्हणून सांगितले जाणारे सूत्र विद्यार्थी सर्रास वापरतात. पोलंड, रुमानिया, बल्गेरियाला ते लागू पडते. पण अपवाद माहीत नसतील तर ते सूत्र न राहता पोपटपंची होते. डेन्मार्कचे बॉर्नहोम बेट मे १९४५ मध्ये लाल सेनेने घेतले आणि एप्रिल १९४६ मध्ये सोडले. नॉर्वेच्या उत्तर टोकाचा मुलूख सोव्हिएत फौजांनी मुक्त केला आणि सप्टेंबर १९४५ पर्यंत रिकामा केला. उत्तर इराणमधून त्या मे १९४६ मध्ये निघाल्या. ऑस्ट्रियातून १५ मे १९५५ च्या करारानंतर चारही सत्ता बाहेर पडल्या. सगळ्यांत बोलका अपवाद कोरियाचा. १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे ठेवून सुमारे अर्ध्या तासात ३८ अक्षांशाची रेषा सुचवली. अमेरिकी सैन्य इंचॉनला उतरले ८ सप्टेंबरला. मधले चार आठवडे दक्षिणेत उतरायला लाल सेनेला अडवणारे कोणी नव्हते, तरी ती रेषेवर थांबली. का थांबली यावर वाद घालावा, जरूर घालावा. पण आधी ती थांबली हे ठाऊक हवे.

त्याच आठवड्याच्या ओळी दुसऱ्या रकान्यात भरताना हात आखडू नये. ६ ऑगस्ट हिरोशिमा, ८ ऑगस्ट सोव्हिएत युद्धघोषणा, ९ ऑगस्ट मांचुरियावर चढाई आणि नागासाकी, १५ ऑगस्ट सम्राटांचे नभोवाणी भाषण. बॉम्ब पडल्यावर रशिया लूट घ्यायला धावला, असे लिहिणाऱ्यांनी तिसरा रकाना पाहावा. जर्मनी पडल्यापासून दोन-तीन महिन्यांत जपानविरुद्ध उतरू, असे वचन स्टालिन यांनी याल्टात दिले होते. ८ मे ते ८ ऑगस्ट, बरोबर तीन महिने. हिरोशिमानंतर शेवटच्या क्षणी घाई झाली हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत जागा नसते, ही वेगळी रड.

बर्लिनच्या नाकेबंदीवर मात्र दोन ओळी पुरत नाहीत, तिथे पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. २० जून १९४८ ला पश्चिमेच्या तीन विभागांत नवे चलन, मार्क, आले, ते पश्चिम बर्लिनमध्येही येणार हे उघड होताच २४ जूनला सोव्हिएत बाजूने शहराकडे येणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. हवाई मार्ग का उघडा राहिला? कारण तो लेखी होता. ३० नोव्हेंबर १९४५ च्या चार सत्तांच्या निर्णयाने हॅम्बुर्ग, हानोव्हर आणि फ्रँकफुर्टकडून प्रत्येकी २० मैल रुंदीचे तीन हवाई पट्टे बर्लिनसाठी मान्य झाले होते. जमिनीवरच्या वाटांबद्दल असा स्पष्ट लेखी करार नव्हताच. लष्करी अधिकाऱ्यांनी १९४५ मध्ये तोंडी समजुतीवर निभावले आणि तीन वर्षांनी ते अंगाशी आले.

आता हिशोब. वीस लाखांहून अधिक लोकांच्या शहराला दिवसाला किमान ४५०० टन माल विमानांनी पोहोचवायला हवा असा अंदाज होता. सी-४७ या मालवाहू विमानात जेमतेम साडेतीन टन मावत. म्हणजे रोज जवळपास १३०० उतरणी. सी-५४ मध्ये सुमारे १० टन, म्हणजे ४५०. दिवसाची १४४० मिनिटे ४५० ने भागली की तीन मिनिटे आणि थोडे सेकंद येतात. ‘दर तीन मिनिटांनी एक विमान’ हे पुस्तकी वाक्य नुसते पाठ करण्यापेक्षा असे काढून पाहिले की मोठी विमाने का मागवली गेली ते आपोआप कळते. बिघाड कुठे होता? १३ ऑगस्ट १९४८ ला ढग इतके खाली आले की विमाने बर्लिनवर एकावर एक थर करून घिरट्या घालू लागली आणि अपघात झाले. त्यानंतर या हवाई पुरवठ्याचे प्रमुख जनरल टनर यांनी नियम केला: पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही तर दुसरा प्रयत्न नाही, मालासकट मधल्या पट्ट्याने परत जायचे. उत्तर आणि दक्षिण पट्टे येण्यासाठी, मधला जाण्यासाठी. १६ एप्रिल १९४९ ला संपलेल्या चोवीस तासांत १३९८ फेऱ्यांनी १२,९४१ टन माल उतरला आणि नाकेबंदीचा उपयोग संपल्याचे दोन्ही बाजूंना कळून चुकले. ती १२ मेला उठली. विमाने मात्र साठा करण्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत चालू ठेवली.

यातला एक सापळा: एकूण माल कुठे २३ लाख टन छापलेला असतो, कुठे २१ लाख. चूक कोणाचीच नाही. पहिला आकडा अमेरिकी टनांचा, म्हणजे ९०७ किलोंचा, दुसरा मेट्रिक. एककाशिवाय आकडा छापू नये, ही आपल्या उपसंपादकांना विनंती.

बळींच्या आकड्यांत एककाचा प्रश्न नसतो, सत्तेचा असतो. सोव्हिएत संघाची युद्धातली मनुष्यहानी १९४६ मध्ये स्टालिन यांनी ७० लाख सांगितली, १९६१ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी २ कोटी आणि १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांनी जवळपास २ कोटी ७० लाख. वहीत आकडा लिहिताना तो कोणी, कोणत्या साली सांगितला हे नसेल तर आकडा खोडून टाकावा.

इथेच चौथा रकाना कामाला येतो. त्यात एवढेच लिहायचे: ही गोष्ट जगाला केव्हा कळली? २३ ऑगस्ट १९३९ च्या कराराची, पूर्व युरोप वाटून घेणारी गुप्त पुरवणी सोव्हिएत संघाने डिसेंबर १९८९ मध्ये मान्य केली. जर्मनांचे सांकेतिक संदेश ब्रिटन वाचत होते, हे सर्वांना समजले १९७४ मध्ये. त्याआधी लिहिलेल्या युद्धेतिहासात सेनापतींची जी ‘अचूक अंतर्दृष्टी’ दिसते तिचा बराच भाग या चोरून वाचलेल्या संदेशांचा आहे. मॉस्कोतले अमेरिकी मुत्सद्दी केनन यांची सोव्हिएत धोरणाबद्दल इशारा देणारी २२ फेब्रुवारी १९४६ ची लांब तार सगळे शिकतात. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत नोविकोव्ह यांनी त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मॉस्कोला पाठवलेला तसाच अहवाल १९९० मध्ये बाहेर आला, म्हणून जुन्या पुस्तकांत फक्त एकच बाजू संशयाने ग्रासलेली दिसते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले की आरशात पाहिल्यासारखे वाटते.

क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे ठेवल्याच्या प्रसंगाला तर या रकान्याशिवाय हात लावू नये. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकी हेरखात्याचा अंदाज होता की बेटावर दहा हजारांच्या आसपास सोव्हिएत सैनिक आहेत; होते ४० हजारांहून अधिक. रणांगणात वापरायची छोटी अण्वस्त्रेही तिथे पोहोचली होती, हे अमेरिकी मुत्सद्द्यांना कळले १९९२ मध्ये. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढण्याचे आश्वासन २७ ऑक्टोबरला गुप्तपणे दिले गेले, क्षेपणास्त्रे एप्रिल १९६३ पर्यंत हलली, आणि ‘केनेडी डगमगले नाहीत, ख्रुश्चेव्ह झुकले’ ही कथा त्या गुप्ततेच्या आधारावर अनेक वर्षे टिकली. केनेडींचा निर्णय बरोबर की चूक, हे आज माहीत असलेल्या गोष्टींवरून ठरवणे म्हणजे निकाल लागल्यावर पैज लावणे.

नकाशे छापताना वृत्तपत्रे आणखी एक घोळ करतात. श्टालिनग्राडच्या लढाईच्या नकाशावर व्होल्गोग्राड, किंवा १९३९ च्या पोलंडवर आजच्या सीमा. व्होल्गोग्राड हे नाव १९६१ चे, कालिनिनग्राड (आधीचे क्योनिग्सबर्ग) १९४६ चे. ब्रेस्लाऊचे व्रोत्स्वाफ झाले तेव्हा पोलंड देशच पश्चिमेला सरकला होता. जुने नाव मोठ्या अक्षरात, आजचे लहान अक्षरात आणि नकाशाखाली तारीख, एवढे केले तरी पुष्कळ.

वही संपवायची कुठे? बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली तिथे बहुतेक जण थांबतात. थोडे पुढे जावे. जर्मनीबाबतचा अंतिम करार १२ सप्टेंबर १९९० ला मॉस्कोत झाला: दोन जर्मन राज्ये आणि १९४५ च्या त्याच चार सत्ता. तो १५ मार्च १९९१ ला अमलात आला आणि बर्लिनमधले चौघांचे अधिकार संपले. शेवटची रशियन तुकडी जर्मनीतून ३१ ऑगस्ट १९९४ ला निघाली. पहिला आणि तिसरा रकाना तिथे बंद करता येतो. दुसऱ्यात मात्र एक ओळ मोकळी ठेवावी लागते, कारण जपानच्या उत्तरेकडच्या कुरील बेटांच्या वादामुळे रशिया आणि जपान यांच्यात दुसऱ्या महायुद्धाचा शांतता करार अद्याप झालेला नाही.

आपले,
आंतरराष्ट्रीय इतिहास शिकवणारे दोघे