बदकं, बर्फ आणि तू

सेंट क्लाउड, मिनेसोटा
१२ डिसेंबर

प्रिय वंदू,

"येते की, त्यात काय एवढं!" असं एका दमात म्हणून तू फोन ठेवलास, आणि दुसऱ्याच दिवशी तुझा मेसेज: "तिथे उणे तीस होतं म्हणे. माझ्या हातून तुझी बदकं मेली तर?" याचं उत्तर व्हॉट्सॲपवर देण्यात अर्थ नाही. तिथे तू पहिल्या दोन ओळी वाचून अंगठा दाखवतेस. म्हणून हे पत्र. आम्ही इचलकरंजीला भाचीच्या लग्नात जिलब्या हाणत असू, तेव्हा हे फ्रिजवर लावलेलं असू दे.

थंडीची भीती विमानतळावरच सोडून ये. बदक थंडीनं सहसा मरत नाही. ते मरतं ओलीनं, कोंदट हवेनं आणि पाण्यावाचून. आणि आपल्यासारख्या मायाळू बायका थंडीच्या धास्तीनं नेमकं काय करतात? खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवतात, आत दिवा लावतात, दार घट्ट ओढून घेतात. सकाळी बघावं तर आत वाफ कोंडलेली, भिंतींवर आतून पांढरं दंव आणि खालची गादी चिंब. तेवढं करू नकोस. बाकी तू काही चुकलीस तरी बदकं सांभाळून घेतील.

बदकाच्या अंगावर वरून मेणकापड आणि आत दुलई असा पक्का बंदोबस्त असतो. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. चोचीनं ते तेल घ्यायचं आणि पिसांना चोपडत बसायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. आतल्या मऊ पिसांत हवा अडकून राहते. अंगात ताप ४१-४२ अंशांचा, म्हणजे आपल्याहून चार-पाच अंश जास्त, आणि तरीही पाठीवर पडलेला बर्फ तासभर वितळत नाही. पहिल्यांदा बघशील तेव्हा तुला वाटेल गारठून गेलंय बिचारं. उलट आहे. आतली ऊब बाहेर येतच नाही, म्हणून वरचा बर्फ तसाच राहतो.

मग उघड्या पायांचं काय, असं तू विचारशीलच. पायांकडे जाणारं गरम रक्त आणि पायांकडून परत येणारं गार रक्त, दोन्हींच्या वाहिन्या वरच्या भागात एकमेकींना लगटून असतात. जाता जाता गरम रक्त आपली बरीचशी ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. पंजांना मिळतं ते गोठणार नाही इतपतच उबदार रक्त. पायच गार, तर त्यांतून बर्फात ऊब जाणार तरी किती? त्यामुळे एखादं एका पायावर उभं दिसलं तर लंगडतंय समजून रात्री-बेरात्री मला फोन लावू नकोस. दुसरा पाय त्यानं पोटाच्या पिसांत घातलेला असतो. फोन कधी करायचा ते पुढे सांगते.

आता मंडळींची ओळख. चार खाकी कॅम्पबेल आहेत, तपकिरी, चपळ आणि भित्र्या. दोन पांढऱ्याधोप पेकिन, अंगानं जड, स्वभावानं आळशी. या जातीची बदकं चीनहून अमेरिकेत आली ती १८७३ साली, आणि आमच्या दोघी बाया अजून प्रवासाच्या शिणवट्यातून उठल्यासारख्याच चालतात. त्यांना पायाला किंवा पंखाला धरून कधी उचलू नकोस. पाय नाजूक असतात. पंख मिटवून, दोन्ही हात अंगाखाली घालूनच उचलायचं. काळी, उन्हात हिरवी चमकणारी ती कायुगा, आमची ठमी. आणि एकच नर, सरदार. कोकलतात त्या सगळ्या माद्या. सरदारचा आवाज घसा बसल्यासारखा आणि शेपटीवर वळलेली दोन-तीन पिसं, एवढीच त्याची ओळख. गावाकडे आपण बघायचो ती लाल मांसल चेहऱ्याची बदकं मी मुद्दाम ठेवली नाहीत. ती मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या उष्ण भागांतली, आणि इथल्या हिवाळ्यात त्यांच्या चेहऱ्याच्या त्या लाल मांसाला हिमदंश होतो.

खरं काम पाण्याचं. बदकाला पाणी नुसतं प्यायला पुरत नाही. नाकपुड्या आणि डोळे धुवायला अख्खं डोकं बुडेल इतकं खोल लागतं. शिवाय कोरडं खाद्य घशाखाली उतरवायला घासागणिक पाण्याचा घोट लागतो, नाहीतर घास अडकतो. म्हणून नियम असा: खाद्य आहे तिथे पाणी, पाणी नाही तिथे खाद्य नाही. आवारात एक विजेवर गरम राहणारी बादली आहे. गरम म्हणजे पाणी गोठू न देण्याइतकीच, त्यात हात घालून पाणी कोमट नाही अशी तक्रार करू नकोस. ती बादली आवारातच राहू दे, खुराड्यात नेऊ नकोस. बदकं पाण्याशी खेळल्याशिवाय राहत नाहीत, आणि आत सांडलेला प्रत्येक थेंब रात्री वाफ होऊन त्यांच्याच अंगावर बसतो. रात्री आत पाणीही नाही आणि खाद्यही नाही. सकाळपर्यंत त्यांना काही होत नाही.

वीज गेली तर काळ्या रबरी घमेल्यांत कोमट पाणी दे, दर दोन-तीन तासांनी. गोठलं की घमेलं उलटं करून वरून लाथ घाल, बर्फाची चकती अख्खी निघते. प्लास्टिकचं घेतलंस तर तडकेल.

नळाची एक खुबी आहे. गोठ्याजवळच्या उभ्या नळाची झडप जमिनीखाली खोलवर आहे, जिथवर हिवाळ्याचं गोठण पोचत नाही. नळ बंद केला की उभ्या नळीतलं पाणी आपोआप खाली निथळून जातं, म्हणून तो गोठत नाही. पण वर रबरी पाइप जोडलेला राहिला तर पाणी निथळत नाही आणि सगळंच फुटतं. पाणी भरलं की पाइप काढायचा आणि तळघरात टांगायचा. हे तू विसरशील म्हणून आमच्या ह्यांनी नळावर लाल फडकं बांधून ठेवलंय. मला विचारशील तर ते स्वतः विसरतात म्हणून बांधलंय.

खुराड्यातली गादी गव्हाच्या काडाची. काडी पोकळ असते, त्यात हवा राहते, म्हणून ऊब धरते. रोज सकाळी वरचं काट्यानं उलटंपालटं कर, ओलं दिसेल तेवढं उचल आणि वर नवं काड पसर. सगळी गादी उपसू नकोस. खालचे थर हळूहळू कुजतात आणि त्यांचीही थोडी ऊब मिळते. गंजीतली पेंडी सोडलीस आणि बुरशीचा वास आला तर ती बाहेर टाक, काटकसर नको. बुरशीनं बदकांची फुप्फुसं जातात. हवा तपासायची असेल तर गुडघ्यावर बसून नाक त्यांच्या उंचीवर आण. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय. छताखालच्या दोन्ही झडपा उघड्याच असतात, त्या तशाच राहू देत. वारा डोक्यावरून जावा, अंगावरून नको. आतून भिंतीवर दंव दिसलं तर आणखी ऊब नको, आणखी हवा हवी.

आणि दिवा नाही म्हणजे नाही. सुकं काड, उडणारी पिसं, धूळ आणि वर टांगलेला तापलेला बल्ब. दर हिवाळ्यात कुणाचं ना कुणाचं खुराडं, कधी अख्खा गोठा जळाल्याचं कानावर येतं. जानेवारी २०१९ मध्ये ध्रुवाकडची थंडी खाली उतरली होती, मिनियापोलिसला पारा उणे ३३ सेल्सिअसला गेला आणि पोस्टानं मिनेसोटात टपाल वाटणंच थांबवलं. तेव्हा आमच्याकडे पेकिनची आधीची जोडी होती. दिवा नव्हता, गादी मात्र गुडघाभर होती. सकाळी दार उघडलं तर दोघी माझ्यावरच खेकसल्या, उशीर झाला म्हणून.

खाण्याचं थोडक्यात: पिंपावर माप ठेवलंय. थंडी वाढली की त्या जास्त खातात, खाऊ दे. संध्याकाळी आत घ्यायच्या आधी मूठ-मूठ भरडलेला मका दे. गोठवलेले मटार पाण्यात सोडलेस तर तू त्यांची जन्माची मैत्रीण. रंकाळ्यावर पावाचे तुकडे फेकायची तुझी सवय इथे चालवू नकोस. त्यानं पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची पूड, घातलेली आहे. बदकांना कोंबड्यांपेक्षा नायसिन (एक ब जीवनसत्त्व) जास्त लागतं, ते मिळालं नाही तर पाय वाकतात.

ताज्या भुसभुशीत बर्फात त्या पाऊल टाकायला तयार होत नाहीत. दारात उभ्या राहून तुझ्याकडे बघत बसतील. फावड्यानं वाट काढ, वर काड पसर, मग निघतात. ऊन असेल आणि पारा शून्याच्या आसपास असेल तर मोठ्या घमेल्यात आंघोळीला पाणी दे, भर दुपारी, म्हणजे अंधाराआधी पिसं सुकतील. पारा फार खाली असेल त्या दिवशी आंघोळ बंद. तीन बाजूंना प्लास्टिक लावलेल्या आवारातच त्यांचा दिवस जाऊ दे.

जानेवारीत इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी मोजून आत घे. आठ. मागे धावू नकोस. हात पसरून सावकाश मागून चाललीस की सगळी वरात आपोआप दाराकडे वळते. दाराला दोन कड्या आहेत आणि वरच्या कडीत गिर्यारोहकांचा स्प्रिंगचा हूक आहे. तो अडकवायचाच. रॅकून म्हणजे रात्री हिंडणारा इथला भुरटा प्राणी. त्याचे हात माणसासारखे चालतात, साधी कडी तो सहज उघडतो. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड आहे, कोंबड्यांची पातळ जाळी नाही, कारण मिंक, मुंगसासारखा सडपातळ शिकारी प्राणी, अंगठ्याएवढ्या भोकातूनही डोकं घालतो. सकाळी खुराड्याभोवतीचा बर्फ एकदा बघ. रात्री कोण येऊन गेलं ते तिथे ठशांत लिहिलेलं असतं. मला हिवाळ्यातलं हे वाचन वर्तमानपत्रापेक्षा आवडतं.

तू आलीस की मॉन्टिसेलोला जाशीलच, आणि जाच. तिथल्या अणुवीज केंद्राच्या कोमट पाण्यामुळे मिसिसिपी भर हिवाळ्यात गोठत नाही, आणि त्या उघड्या पाण्यात ट्रम्पेटर हंस हजारांनी उतरतात, सोबत जंगली बदकं आणि गीज, म्हणजे रानटी कलहंस. मात्र तिथे घातलेले बूट घालून आवारात पाऊल टाकायचं नाही. २०२२ पासून इथे बर्ड फ्लूनं थैमान घातलंय, मिनेसोटात टर्कीचे कळपच्या कळप मारावे लागले, आणि हा रोग पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून फिरतो. खुराड्याचे हिरवे गमबूट वेगळे आहेत, ते घराच्या पायरीपलीकडे फक्त बदकांकडेच जातात. हंस बघून आलीस की हात धू आणि कपडे बदल.

आता फोन कधी करायचा. एखादं बाकीच्यांपासून दूर बसलंय, खायला उठत नाही, शेपटी खाली पडलीय किंवा पोटाची पिसं भिजून चिकटलीत, तर लगेच. पायाच्या पडद्यावर पांढरा किंवा काळपट डाग दिसला तर चोळू नकोस आणि शेगडीजवळही नेऊ नकोस. तळघरातल्या कुत्र्याच्या पिंजऱ्यात काड घालून ठेव आणि पाणी दे. एकदा घरात आणलेलं बदक बरं वाटलं म्हणून लगेच उणे वीसमध्ये सोडायचं नाही. आधी गॅरेज, मग बाहेर. इथले बरेच डॉक्टर कुत्र्या-मांजरांपलीकडे बघत नाहीत. बदकं तपासणाऱ्या बाईंचा नंबर फ्रिजवर आहे. आपल्याकडे रात्र असली तरी मला उठव.

अंडी फार मिळतील अशी आशा धरू नकोस. डिसेंबरअखेर इथे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, जानेवारीत मिनिटा-मिनिटानं वाढणारा. जादा उजेड दाखवून त्यांच्याकडून अंडी काढता येतात, पण मी काढत नाही. वर्षभर घालतात, हिवाळ्यात विसावू दे. तरी एखाद-दुसरी कॅम्पबेल पहाटे घालतेच. दार उघडल्याबरोबर काडात हात घालून शोध, नाहीतर गोठून फुटतं. ठमीनं घातलंच तर अंडं काळपट राखाडी असेल, ते खराब नाही. मोसमातली पहिली तशीच असतात, नंतर फिकट होत जातात. उकडून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोड. कोंबडीच्या अंड्यापेक्षा पिवळा मोठा, त्यामुळे रस्सा जास्त ओढतो. कांदा-लसूण मसाला डब्यात आहे, आईकडचा, बेतानं घाल.

राहता राहिलीस तू. बदकांना पिसं आहेत, तुला नाहीत. ॲपवर पारा बघू नकोस, विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, बघ, आणि फॅरनहाइट की सेल्सिअस तेही बघ. फक्त उणे ४० लाच दोन्ही सारखे असतात. विंड चिल उणे २८ सेल्सिअसच्या खाली गेलं की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. तुझा तो कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमधला देखणा कोट आणू नकोस, इथे दाराआड माझा जाड पार्का, टोपीवाला कोट, टांगलाय. बोटांचे हातमोजे घालू नकोस, मुठीचे घाल. आत पातळ मोजे घातलेस म्हणजे हूक उघडायला मूठ काढता येईल. ओल्या मोज्यानं लोखंडी कडीला हात लावायचा नाही.

विमानाचं तिकीट मिनियापोलिसचंच काढ. आम्ही निघायच्या दोन दिवस आधी ये, म्हणजे सकाळ-संध्याकाळ माझ्याबरोबर करून बघशील. ह्यांना म्हटलंय, वंदूला बर्फातून गाडी चालवायला शिकवा. ते म्हणाले, तिला कोल्हापुरात सायकल शिकवायला किती महिने लागले होते ते आधी विचार. म्हणून शेजारचे आजोबा तुला दुकानात नेऊन आणतील. त्यांना चहा आवडतो, साखर जास्त.

तुझी,
शैला

ता. क. गोडाऊनमधली खुरपी, फावडी आणि काटा तिन्ही रात्री घरात आण. बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी ती खणून काढायलाच फावडं लागतं.