पदवीची निवड आणि पुढचे लॉ स्कूल

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढे परदेशात कायदा शिकायचा ही तुझी इच्छा आणि आता बारावीनंतर कोणत्या पदवीला प्रवेश घ्यावा हा तुझा प्रश्न, या दोन्हींचा एकत्र विचार करून हे पत्र लिहीत आहे. फोनवर अशा गोष्टी अर्ध्यावर राहतात.

आधी देशाविषयी, कारण कायद्याचे शिक्षण ज्या त्या देशाच्या वकिलीच्या सनदेशी बांधलेले असते. इंग्लंडमध्ये शाळा संपताच तीन वर्षांच्या एलएलबीला जाता येते आणि ऑक्सफर्डसारखी काही विद्यापीठे कायद्याच्या पदवीच्या प्रवेशासाठी एलनॅट ही परीक्षा मागतात. म्हणजे तो मार्ग निवडायचा तर निर्णय आत्ताच करावा लागेल. अमेरिकेत मात्र आधी कोणत्याही विषयातील पदवी आणि मग लॉ स्कूलमध्ये तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी, असा क्रम आहे. कधी परत येऊन इथे वकिली करावीशी वाटली, तर परदेशी पदवीला बार काउन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते आणि तिची पात्रता परीक्षाही द्यावी लागते, हेही आजच लक्षात असू दे. तुझा ओढा अमेरिकेकडे आहे, म्हणून पुढचे त्या अनुषंगाने लिहिते.

लॉ स्कूलसाठी अमुकच विषय घ्यावा, अशी शिफारस अमेरिकन बार असोसिएशन ही तिथल्या वकिलांची संघटना करत नाही. म्हणून राज्यशास्त्रच घेतले पाहिजे या समजुतीने ते घेऊ नकोस. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, अगदी गणितसुद्धा चालेल, मात्र तो विषय तुला रात्री जागून वाचावासा वाटला पाहिजे. मला काळजी विषयाची नाही, आपल्याकडच्या परीक्षेच्या सवयीची आहे. गाइडमधले उत्तर पाठ करून चांगले गुण मिळतात आणि तीन वर्षांत स्वतःचा असा एकही मोठा निबंध न लिहिता पदवी हातात पडते. लॉ स्कूलमध्ये याच्या नेमके उलट लागते: न्यायनिर्णय वाचायचा, न्यायाधीश त्या निष्कर्षाला कोणत्या पायरीने पोहोचले ते शोधायचे, आणि दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायचा. म्हणून कॉलेज निवडताना त्याच्या नावापेक्षा तिथे विद्यार्थ्यांकडून किती लिहून घेतले जाते आणि ते तपासून, शेरे मारून परत दिले जाते का, हे पाहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार जिथे चार वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम संशोधनासह उपलब्ध आहे, तिथे तो घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. चौथ्या वर्षात प्रबंध लिहावा लागतो, आणि तीन वर्षांची पदवी चालते की नाही याबाबत प्रत्येक लॉ स्कूलचे धोरण वेगळे तपासत बसावे लागत नाही.

गुणांचा हिशेब पहिल्या सत्रापासून होतो. गुणपत्रके विद्यापीठाकडून थेट लॉ स्कूल अॅडमिशन काउन्सिल या लॉ स्कूलच्या प्रवेशाचे काम पाहणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे पाठवावी लागतात आणि तिथे त्यांचे मूल्यमापन होते. पहिले वर्ष रुळण्यात गेले तरी शेवटी भरून काढू, हा विचार इथे चालत नाही, कारण केटी लागली तर तीही त्या कागदांवर दिसते. विद्यापीठातून हे कागद वेळेवर निघणे हेच एक काम असते. ते शेवटच्या वर्षासाठी ठेवू नकोस.

शिफारसपत्रांचा विचार आपल्याकडे फार उशिरा होतो. अर्जासोबत शिक्षकांची पत्रे लागतात, आणि शंभरावर मुलांच्या वर्गात जिचा आवाज कधी ऐकला नाही, तिच्याविषयी कोणतेही प्राध्यापक ‘हुशार व मेहनती’ यापलीकडे काय लिहिणार? तुझे लेखन ज्यांनी वाचले, तुझ्याशी ज्यांनी वाद घातला, तुझे मत चुकले तेव्हा ज्यांनी तुला ते सुधारायला लावले, अशाच व्यक्तीला तुझ्याविषयी नेमके काही सांगता येईल. तू स्वभावाने बुजरी आहेस, हे मी जाणते. तरीही दुसऱ्या वर्षापर्यंत निदान दोन शिक्षकांकडे स्वतःहून शंका घेऊन जायला लाग. पत्र मिळाले नाही तरी त्या संवादातून तू जे शिकशील ते तुझेच राहील.

लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी द्यायच्या एलसॅट परीक्षेचे गुण १२० ते १८० या पट्टीवर मिळतात. ऑगस्ट २०२४ पासून त्यातील कोड्यांचा भाग गेला असून आता तर्कशुद्ध विचार आणि उतारावाचन यांवरच गुण ठरतात. काही महिन्यांच्या क्लासपेक्षा रोजच्या कठीण वाचनाने या परीक्षेची खरी तयारी होते, असे मला वाटते. अनेक लॉ स्कूल गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात आणि ती ठरवताना या गुणांना मोठे वजन असते. आपल्या घराच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. बहुतेक ठिकाणी अर्ज जसे येतात तसे तपासले जातात, म्हणून परीक्षा शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात देऊन शरद ऋतूत अर्ज करणे बरे.

दरम्यान तुझे मन बदलले, तरी वाईट वाटून घेऊ नकोस. पदवीनंतर इथेच तीन वर्षांची एलएलबी करून मग परदेशात एका वर्षाचे एलएलएम, म्हणजे कायद्यातील पदव्युत्तर शिक्षण, करण्याचा मार्ग खुला असतो.

तू निवडलेल्या तिन्ही कॉलेजांचे अभ्यासक्रम आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मला पाठव. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी त्या आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
आई