घरातल्या कामाच्या परवानगीत वायरिंगची अट घालण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

सप्रेम नमस्कार,

सध्या आपल्या इमारतीत बऱ्याच घरांत काम निघालं आहे. परवानगी देताना समिती राडारोडा, कामाच्या वेळा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग यांची विचारणा करते. वायरिंगबद्दल मात्र अर्जात एक ओळही नाही. वायरिंगचे पाइप प्लास्टरखाली गेले की आत काय केलं आहे ते दिसत नाही, म्हणून ही अट आधीच हवी.

मला सर्वांत जास्त काळजी अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज सुरक्षितपणे जमिनीत नेणाऱ्या जोडणीची, वाटते. जुन्या घरांत अर्थची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नसते. मग काही वायरमन सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांची टोकं तारेच्या तुकड्याने जोडून देतात. घरच्यांना वाटतं, अर्थिंग झालं. पण पुढे त्या न्यूट्रलचा जोड सुटला, तर चालू फ्रीजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात. अशा जोडणीत यंत्राचा पत्रा कुठे जमिनीशी जोडला गेला, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडू शकतो आणि ‘कटकट नको’ म्हणून नेमका तोच काढला जातो! तो दोष दाखवत असतो. काढायचा तो दोष.

स्विच फेजवरच (वीज आणणाऱ्या तारेवरच) हवा. न्यूट्रलवर घातला तरी दिवा बंद होतो, त्यामुळे चूक कळत नाही; होल्डरमध्ये मात्र वीज राहते आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो. सॉकेटला समोरून पाहताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तांब्याची तार दिव्यांना दीड, साध्या प्लगला अडीच, गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटर, आणि या दोन्हींना आपापला एमसीबी (जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच). तो सारखा पडतो म्हणून तार तीच ठेवून १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसवणं तर अजिबात खपवून घेऊ नये. भिंतीतली तार तापते आणि एमसीबी पडत नाही.

तेव्हा विनंती अशी, की काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावं, प्लास्टरआधी पाइपांचे फोटो घ्यावेत आणि शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं आवरण तपासायच्या यंत्राने) केलेल्या इन्सुलेशन तपासणीचा व अर्थ तपासणीचा सही असलेला अहवाल सोसायटीत जमा व्हावा.

मीटर रूमचा अर्थपिट (अर्थिंग जमिनीत सोडायचा खड्डा) सोसायटीच्या अखत्यारीत येतो. तो कोरडा असेल तर घरातलं चांगलं अर्थिंगही कमी पडतं. उन्हाळ्यात, जमीन सुकलेली असताना, त्याचा रोध मोजून घ्यावा आणि आकडा सूचनाफलकावर लावावा.

आपला,
बी विंगमधील एक सभासद